थेंब बुडाला पाहिजे

"काका, थेंब तरंगून राहिला."

सुरुचीने हातातली काचेची नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली. लहानू गजभियेने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि वाकून पाहिलं. नळीतल्या निळ्या पाण्यात त्याच्याच बोटातला रक्ताचा थेंब जरासा खाली गेला, मध्येच थबकला आणि खुशाल वर येऊन बसला.

"पुन्हा टाक," लहानू म्हणाला.

"दोनदा टाकला ना, काका."

"मंग तिसऱ्यांदा टाक. तुहं मोरचूद जुनं झालं असन."

ते निळं पाणी मोरचुदाचं आहे हे त्याला कोणी सांगायला नको होतं. संत्र्याच्या बुंध्यांना मोरचूद-चुन्याचा लेप लावण्यात त्याची हयात गेली होती. शिबिरात याच मोरचुदाच्या पाण्यात रक्ताचा थेंब सोडून पाहतात. रक्तात लोह पुरेसं असलं की थेंब जड असतो, तळाला जातो. रक्त अशक्त असलं की तरंगतो. बुडाला तो पास, तरंगला तो नापास. अडतीस वर्षांत लहानूचा थेंब एकदाही तरंगला नव्हता.

सुरुची रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. नंदनवनातल्या या विहाराच्या सभागृहात एक जानेवारीला आणि चौदा एप्रिलला शिबिर भरायचं, आणि सहा-सात वर्षांपासून तीच यायची. तिने पुन्हा बोट टोचलं, यावेळी थेंब यंत्रात घातला आणि आकडा लहानूकडे वळवून दाखवला. अकरा पॉइंट आठ.

"साडेबारा पायजे, काका. आज नाही घेता येत."

मागे रांगेत वीस-पंचवीस माणसं उभी होती. समितीचा सचिव अश्विन धावत आला आणि म्हणाला, "होते गा लहानूभाऊ कधी कधी. बसा, चहा घ्या."

चहा! रक्त न देता चहा! त्यापेक्षा चार लोकांत थोबाडीत दिली असती तरी लहानूला कमी लागलं असतं. त्याने दुमडलेली बाही खाली सोडली, बटण लावलं आणि भिंतीशी मांडलेल्या पहिल्या खुर्चीकडे न बघता तो बाहेर पडला.

ही पहिली खुर्ची म्हणजे त्याची. शिबिर सुरू झालं त्या वर्षी सुईच्या भीतीने कोणीच पुढे होईना, तेव्हा सत्तावीस वर्षांचा लहानू जाऊन बसला होता. तेव्हापासून जयंतीच्या शिबिरातली पहिली पिशवी लहानूभाऊंची, असा वस्तीत रिवाजच पडला. लग्नाची पंगत असावी तशी माणसं थांबायची, लहानूभाऊ बसल्याशिवाय बाकीचे बसायचे नाहीत.

व्हरांड्यात कौसल्या, त्याची बायको, स्टोव्हवर चहा करत होती. शिबिराचा चहा हा तिचा रिवाज. नवऱ्याचा चेहरा बघून तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"एवढ्या लवकर झालं?"

"नापास झालो," लहानू म्हणाला. "आता एकच शिबिर उरलं, अन् मी नापास झालो."

एकच शिबिर, कारण पासष्ट पुरे झाले की रक्त घेत नाहीत. लहानूच्या आधार कार्डावर जन्मतारीख वीस एप्रिल. म्हणजे चौदा एप्रिल ही शेवटची संधी, आणि तीही फक्त सहा दिवस आधीची. त्या दिवशी थेंब तरंगला तर पुढची सगळी वर्षं लहानूभाऊंची शेवटची आठवण 'नापास' अशीच राहणार होती.

तुम्ही म्हणाल, एका पिशवीचं एवढं काय? तर ऐका. लहानूचा बाप काटोलकडच्या बगिच्यांत विहिरी खोदायचा. विहीर याने खोदायची, आणि तिचं पाणी याच्या ओंजळीत वरून कोणीतरी ओतायचं, तेही स्पर्श होणार नाही इतक्या उंचावरून. छप्पन साली तो नागपूरला येऊन दीक्षा घेऊन गेला आणि पुन्हा कोणापुढे त्याने ओंजळ केली नाही. तहान लागली तर तीन मैल चालत घरी यायचा. बापाचं हे तहानलेलं चालत येणं लहानूने लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून पहिल्यांदा रक्त दिलं तेव्हा त्याने पिशवी हातात मागून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं होतं, "याच्यावर नाव नसते का?" नाव नसतं, फक्त गट असतो, असं कळलं तेव्हा तो घरापर्यंत हसत आला. ज्यांनी बापाला वरून पाणी ओतलं, त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी अंगात आज आपलं रक्त फिरत असेल आणि त्याला पत्ताही नसेल! ही मौज त्याला अडतीस वर्षं पुरली होती.

तेव्हा लहानूने त्या रात्री ठरवलं की थेंब बुडाला पाहिजे. पण कसा, हे ठरवताना त्याने जे डोकं चालवलं ते फक्त संत्र्याच्या माणसालाच सुचू शकतं.

लहानू कलमं बांधायचा. काटोलजवळच्या रोपवाटिकेत जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कळीएवढा कोंब, बांधणारा त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. सकाळी सातच्या बसने जायचं, दिवसभर उकिडवं बसायचं, सालीवर चीर द्यायची, साल अलगद उचलायची आणि आत डोळा सरकवून पट्टी गुंडाळायची. साल कधी सुटते, झाडात रस कधी चढतो, हे त्याच्या अंगठ्याला कळायचं. आणि संत्र्याला बहार कसा आणतात हे तर काटोलच्या पोरासोरांनाही ठाऊक. थंडीत महिना-दीड महिना झाडाचं पाणी तोडायचं. याला म्हणतात ताण देणे. झाड मलूल होतं, पानं पिवळट पडतात, बघणाऱ्याला वाटतं गेलं हे. मग एके दिवशी आळी खोदायची, खत टाकायचं, पाणी सोडायचं, आणि पंधरा-वीस दिवसांत सगळं झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. पाणी देतच राहिलात तर नुसता पाला वाढतो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रोपवाटिकेशेजारचा बगीचा असाच फुलला होता. बसमधून उतरताच वास यायचा. लहानू बांधावर उभा राहून ते बघत राहिला आणि त्याच्या मनात आलं, आपण खाऊन-पिऊन नुसता पाला वाढवून राहिलो. शरीराला ताण द्यायला पाहिजे!

हसू नका. माणूस जे आयुष्यभर करतो त्याच्यावरच त्याचा भरवसा असतो.

कौसल्या डब्यात तीन पोळ्या, भाजी आणि जवसाची चटणी द्यायची. त्यातली एक पोळी लहानू खायचा, बाकी बस स्टँडवरच्या कुत्र्याला. दिवसातून चार वेळा कोरा चहा. घरी आलं की, "पोट भरलं वं, नर्सरीत जेवण होतं," अशी थाप. कुत्रा महिनाभरात चांगला गुबगुबीत झाला. लहानू मलूल झाला, डोळे खोल गेले, आणि त्याला मनातून बरं वाटलं. झाड असंच दिसतं.

मग एक दिवस डोळा कापताना त्याचा हात थरथरला. चाकू आडवा गेला आणि डोळा मधोमध चिरला. बाजूला बसलेल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. चाळीस वर्षांत लहानूभाऊंच्या हातून डोळा वाया गेलेला कोणी पाहिला नव्हता. त्याने तो चिरलेला डोळा खिशात टाकला आणि पुढच्या खुंटाकडे सरकला. बसमधून उतरताना त्याला भोवळ आली. कंडक्टरने बखोटीला धरलं म्हणून वाचला.

दुसऱ्या दिवशी कौसल्या त्याला ओढतच रक्तपेढीत घेऊन गेली. सुरुचीने बोट टोचलं. अकरा पॉइंट एक.

"कमी झालं, काका! खाता काय तुम्ही?"

लहानू छताकडे बघायला लागला.

"बोला ना."

"ताण दिला होता," तो हळूच म्हणाला.

"काय दिला होता?"

सुरुचीला कळलं नाही, पण कौसल्याला कळलं. तीही बारा वर्षं संत्र्याच्या बगिच्यांत निंदणाला गेलेली बाई. आधी तिचं तोंड उघडं राहिलं, मग ती खुर्चीवरून उठूनच उभी राहिली.

"ताण? तुमी सोताले ताण दिला? म्हणजे माह्या डब्याचं काय केलं?"

"कुत्र्याले..."

"कुत्र्याले! मी पाच वाजता उठून पोळ्या करून राहिली अन् हे कुत्र्याले चारून राहिले! काहून? डोकं फिरलं का तुमचं?"

"अवं, हळू बोल. झाडाले ताण दिल्याबिगर बहार येते का?"

"कोणत्या झाडाले?" कौसल्या कडाडली. "धट्ट्याकट्ट्या झाडाले देतात ताण! वाळून राहिलेल्या, पिकून थकलेल्या झाडाले कोणी ताण देते का? मरते ते! त्याले पयले खत लागते. चाळीस सालं बगिच्यात काढले, अन् एवढं समजत नाही तुमाले?"

लहानूने मान खाली घातली. कारण ती शंभर टक्के बरोबर होती. अशक्त झाडाचं पाणी तोडलं असतं तर त्याने स्वतः त्या बागवानाला शिव्या घातल्या असत्या.

सुरुची तोंडावर रुमाल धरून हसत होती. पण मग ती जवळ स्टूल ओढून बसली. "काका, ऐका. रक्तातली लाल पेशी चार महिने जगते. हाडाच्या आत रोज नव्या तयार होतात अन् जुन्या मरतात. मेली तरी तिच्यातलं लोह शरीर फेकत नाही. तेच पुन्हा नव्या पेशीत घालते."

लहानूने मान वर केली. "म्हणजे पाला पडते, कुजते, अन् त्याच झाडाच्या मुळाले लागते."

"अगदी तसंच. पण तुम्ही अडतीस वर्षांपासून पाला झाडाखाली पडूच देऊन राहिले नाही. बाहेर वाटून राहिले. चांगलंच केलं. पण वरून खत टाकलं का कधी?"

खत! लहानूने डोक्याला हात लावला. साल सुटली की रस चढला हे ज्याला अंगठ्याने कळतं, त्याला स्वतःच्या अंगाचं एवढं साधं चक्र कळू नये?

सुरुचीने त्याला तिथल्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी पोटाच्या, लघवीच्या, सगळ्या तपासण्या करायला लावल्या. दुखणं काही निघालं नाही, फक्त लोह कमी. गोळ्या लिहून दिल्या. निघताना सुरुचीने बजावलं, "गोळी घेतली की तासभर चहा बंद. चहा लोह लागू देत नाही. त्यापेक्षा संत्रं खा. संत्र्याने लोह अंगी लागते."

हे ऐकून कौसल्या पुन्हा हसायला लागली. आयुष्यभर संत्र्याची झाडं जन्माला घालणारा हा माणूस संत्रं कधी खात नसे. दात आंबतात म्हणे.

"अन् माहं पाहून घे ना वं," तिने सहज बोट पुढे केलं. "एवढ्या वर्षांत माहं कोणी पाह्यलंच नाही."

यंत्राने आकडा दाखवला. तेरा पॉइंट दोन.

"बापा!" लहानू म्हणाला. "हे कसं?"

"काका, बाईचं लोह दर महिन्याला पाळीत जाते," सुरुची सरळ म्हणाली. "काकूंची पाळी थांबून सात-आठ वर्षं झाली असतील. आता ते अंगात टिकते. शिवाय यांनी स्वतःले ताण दिला नाही." लहानू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला. कौसल्याने मात्र त्या आकड्याकडे दोन वेळा पाहिलं. लहानू चप्पल घालायला बाहेर गेला तेव्हा ती सुरुचीशी दाराशी उभी राहून काहीतरी बोलत होती. काय, ते त्याने विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

घरी आल्यावर कौसल्याने कमरेला पदर खोचला. "चला, ताण तोडला," ती म्हणाली.

आणि मग जे सुरू झालं! सकाळी गूळ-शेंगदाणे. दुपारी मेथी, अंबाडी, चवळी. रविवारी कलेजी. रोज गोळी आणि गोळीवर संत्रं, तेही कौसल्यासमोर बसून, शेवटच्या फोडीपर्यंत. चहाचं पातेलं तिने लॉफ्टवर चढवून ठेवलं. लहानू संत्र्याची पहिली फोड तोंडात टाकून डोळे मिटायचा आणि तोंड वेडंवाकडं करायचा. "हे काय फळ हाय? याच्यासाठी मी चाळीस सालं उकिडवा बसलो?"

"खा गुपचूप."

ती दुपारी बस स्टँडवरच्या पानवाल्याला फोन करून डबा कोणी खाल्ला हेही विचारायची. कुत्रा पुन्हा वाळला.

मार्चच्या शेवटी लहानूला जिना चढताना दम लागेनासा झाला. एक दिवस त्याने एका बैठकीत दोनशे डोळे बांधले आणि एकही चिरला नाही. बायांनी टाळ्या वाजवल्या. पण थेंबाचं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. सुरुची मधे बोट टोचायला बोलवत होती, तो गेला नाही. "बी पेरल्यावर रोज उकरून पाहतात का?" म्हणाला. खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती.

चौदा एप्रिल उजाडला. वस्तीत निळे झेंडे, ढोल, पोरांची धावपळ. लहानूने पांढरा स्वच्छ सदरा घातला. विहाराच्या सभागृहात पाय ठेवला तेव्हा भिंतीशी पहिली खुर्ची रिकामी होती आणि रांगेतलं कोणीही तिच्याकडे सरकत नव्हतं.

"जय भीम, लहानूभाऊ," अश्विन म्हणाला. "थांबून राहिलो आम्ही."

लहानूने बोट पुढे केलं. सुरुचीने टोचलं, थेंब घेतला आणि निळ्या पाण्यावर धरला. व्हरांड्यातला स्टोव्हचा आवाज बंद झाला. कौसल्या दारात येऊन उभी होती.

थेंब पडला.

खाली गेला. मध्यावर आला आणि थबकला.

लहानूने श्वास धरला. सगळ्या सभागृहाने धरला. तो लाल मणी निळ्या पाण्यात तसाच लटकून राहिला, सुरुची ओठ हलवत सेकंद मोजत होती. जानेवारीत इथूनच तो वर फिरला होता. "जा बापा," लहानू पुटपुटला, "जा खाली."

थेंब हलला. सावकाश, अगदी मान राखून, खाली सरकला आणि तळाला टेकला.

"बुडाला!" अश्विन ओरडला, आणि मग सगळीकडून एकच गलका. "बुडाला! लहानूभाऊंचा थेंब बुडाला!" बाहेर ढोलवाल्यांना वाटलं मिरवणूक निघाली, त्यांनी ताशा कडकडवला. लहानूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. यंत्राने बारा पॉइंट आठ दाखवलं. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, कागदपत्रं पाहिली आणि हसून मान हलवली.

तो पहिल्या खुर्चीत बसला. सुई आत गेली तेव्हा त्याने डोकं मागे टेकवलं. नळी लाल झाली, पिशवी हळूहळू फुगली. भरली तेव्हा त्याने पहिल्यांदा केलं होतं तसंच केलं, पिशवी हातात मागितली. ती कोमट होती. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. नाव नव्हतं. फक्त गट. "जा," तो म्हणाला आणि ती परत दिली.

दंडावर कापूस दाबून तो उठला आणि त्याचं मन भरून आलं. शेवटचंच. आता पुढच्या साली या खुर्चीत कोण? पोरगा धम्मानंद पुण्याला. वस्तीतली पोरं देतील, चांगली आहेत, पण घरातलं कोणी नाही. त्याने खुर्चीच्या हातावर एकदा तळवा ठेवला.

"सरका जरा," मागून आवाज आला.

कौसल्या उभी होती. पदर खांद्यावर घट्ट खोचलेला, डावी बाही दंडापर्यंत वर केलेली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड.

"तू काय करून राहिली इथं? चहा कोण..."

"चहा उतरवला. सुरुची, घे वं माहं बोट. सत्तावनची आहे मी. साठच्या आत पयल्यांदा देता येते, तूच सांगितलं ना दाराशी?"

कोणी काही बोलायच्या आत तिचा थेंब निळ्या पाण्यात पडला आणि कुठेही न थबकता खडा पडावा तसा तळाला गेला. सभागृहात पुन्हा गलका झाला. लहानू मात्र बाजूला सरकून तिच्याकडे बघत राहिला. अडतीस वर्षं ही बाई याच दारापलीकडे स्टोव्ह पेटवून बसत होती, आणि आपण एकदाही विचारलं नाही. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी मोठा आनंद झाला.

"पासष्टला अजून आठ सालं हाय मले," कौसल्या खुर्चीत टेकत म्हणाली. "पयली पिशवी आपल्याच घरची. काय समजले?"

"समजलो," लहानू म्हणाला.

सुई जाताना तिने डोळे घट्ट मिटले. सुरुचीने तिच्या मुठीत रबरी चेंडू दिला. तो दाबत ती जरा वेळाने म्हणाली, "दुखत तर काहीच नाही. उगाच भाव खात होते तुमी एवढे वर्षं."

लहानूने स्टूल ओढून तिच्याजवळ बसकण मारली. खिशातून मृग बहाराचं एक शेवटचं संत्रं काढलं. डोळा बांधणाऱ्या अंगठ्याने त्याने साल एका दमात सोडवली, फोडी वेगळ्या केल्या आणि प्रत्येक फोडीवरचा पांढरा दोरा निगुतीने काढत बसला. पहिली फोड त्याने स्वतः खाऊन पाहिली, तोंड वाकडं केलं नाही, आणि दुसरी तिच्या तोंडात घातली.